खोलीत असलेल्यांची नावे

शनिवार, ९ मार्च, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. अमेरिकेतल्या अल्फारेटा गावी आमच्या स्वयंपाकघरात कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि माझ्या हातातल्या ध्वनिमापकाने ८४ डेसिबल दाखवले. मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या प्रकल्पासाठी घरातले झाडून सगळे आवाज मोजत होते. मिक्सर ८८. गोळाभातावर ओतलेली हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी ७१. जेवायला आलेल्या बापट काकांचे हसणे, टेबलाच्या पलीकडून, ७६. बाबांचे बोलणे ५४. त्या दिवशी आमच्या घरात जो निर्णय झाला तो या शेवटच्या आवाजात झाला. आरडाओरडा करणाऱ्या बापांविषयी लोक पुष्कळ लिहितात. माझे बाबा कधीच ओरडले नाहीत, आणि त्यांच्यावरचा माझा राग बारा वर्षांत एका डेसिबलनेही उतरलेला नाही.

मापक घरात आला तोच मुळी एका तक्रारीमुळे. ताई, म्हणजे माझ्याहून तीन वर्षांनी मोठी सानिका, आणि तिची मैत्रीण टेस आमच्या गराजमध्ये बसून गाणी लिहीत. टेस मागच्या गल्लीत राहायची. दहावीपासून दोघींची जोडी होती. गळा टेसचा होता, चालीही बहुतेक तिच्याच. ताईपाशी शब्द होते. टेस गिटारवर नुसत्या 'ना ना ना'ने एखादी ओळ गुणगुणे, ताई डोळे मिटून तिचे वजन बोटांवर घेई, मग तोच अर्थ आधी मराठीत पुटपुटे आणि नंतर इंग्रजीत अशा साधेपणाने मांडे की टेस गिटार खाली ठेवून तिच्याकडे बघत राही. दुपारी आई दोघींना थालीपीठ आणि लोण्याचा गोळा नेऊन देई. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या रीतीप्रमाणे टेस आईला 'मिस विद्या' म्हणे, आणि आई तिला 'टेस बाळा'. एकदा आमच्या गृहसंकुलाच्या समितीकडून पत्र आले: गराजमधल्या संगीताचा शेजाऱ्यांना त्रास होतो. कोणत्या शेजाऱ्याला, हे लिहिलेले नव्हते. तक्रार खरी आहे का, हा प्रश्न बाबांना पडला नाही. त्यांनी ध्वनिमापक मागवला आणि मला रस्त्याच्या कडेला, आमच्या पोस्टाच्या पेटीपाशी, उभे केले.

आकडा आला ५१. थोड्याच वेळाने समोरच्या घरी पाने उडवण्याचे यंत्र सुरू झाले. त्याचा आला ८६. मी दोन्ही आकडे बाबांना दाखवले. डेसिबलची पट्टी सरळ रेषेत चढत नाही; दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा साधारण दुप्पट होते. म्हणजे समोरच्या काकांचे यंत्र आमच्या गाण्याच्या कित्येक हजारपट ऊर्जा रस्त्यावर ओतत होते.

"हे समितीला पाठवू या," मी म्हणाले.

"काहून?" बाबा नागपूरचे, घरात असले की नागपूरचेच बोलत. "त्याचा जन्म इथला आहे ना बाप्पा. तो काही पण करू शकते. आपण व्हिसावर आहोत. तू गपचूप आत ये."

मग आईने पुण्याहून आणलेल्या, जुन्या लुगड्यांच्या सहा गोधड्या गराजच्या दारावर आतून टांगल्या. आकडा ४३वर आला. टेसला त्या गोधड्या इतक्या आवडल्या की ती त्यांना गाल लावून बसायची. आवाज दाबण्यासाठी टांगलेल्या वस्तू तिला सजावट वाटत होत्या. तिचे चुकत होते असे नाही. तिला दाबण्याचे कारण ठाऊक नव्हते, इतकेच.

आमच्या घरात भीती हा वेगळा विषय नव्हता. मीठ जसे प्रत्येक पदार्थात असते आणि पानात वेगळेही वाढलेले असते, तशी ती होती. बाबा कामाच्या व्हिसावर, आणि आम्ही तिघी त्यांच्या 'अवलंबित'. सरकारी भाषेत आमची ओळख एवढीच. आई रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन आली होती आणि तिला येथे नोकरी करता येत नव्हती. ताई एकवीस वर्षांची झाली की 'मूल' या व्याख्येतून बाहेर पडणार होती, आणि ग्रीन कार्डाची आमची रांग त्याआधी संपण्याची शक्यता नव्हती. आमचे जेवणाचे टेबल जोशींचे होते. जोशी आमच्याच गल्लीत राहत. त्यांची नोकरी गेली, दुसरी वेळेत मिळाली नाही, आणि महिन्याभरात घर रिकामे करून ते परतले. जाताना त्यांनी टेबल आम्हांला दिले. बाबांच्या भीतीला आधार होता, हे मी मान्य करते. रोज सकाळी ते त्याच आधारावर कोपरे टेकून चहा पीत. भीती असणे मी समजू शकते. तिला घरातल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर नेमणे मला समजलेले नाही.

आता ते गाणे. आम्ही या घरात राहायला आलो तेव्हा व्हिसाच्या मुदतवाढीचा कागद यायचा होता आणि आई दिवसातून चार वेळा रस्त्यावरच्या पेटीपाशी जाई. अमेरिकेतल्या त्या पेटीला बाजूला एक छोटा लाल झेंडा असतो. आपल्याला पत्र पाठवायचे असेल तर ते पेटीत ठेवून झेंडा वर करायचा, म्हणजे पोस्टमन थांबतो आणि घेऊन जातो. आईला वाटले, झेंडा वर करणे म्हणजे 'आमच्याकडे पत्र आणा' अशी विनंती. ती रोज सकाळी अंघोळ करून बाहेर जाई, झेंडा वर करी आणि हात जोडल्यासारखी क्षणभर थांबे. पोस्टमन रोज गाडी थांबवी, रिकामी पेटी उघडून बघे, झेंडा खाली करी आणि जाई. हे सुमारे तीन आठवडे चालले. शेवटी तो भला माणूस गाडीतून उतरून दाराशी आला आणि त्याने आईला सगळे समजावले. आई इतकी लाजली की तिने त्याला बेसनाचे लाडू बांधून दिले. पुढे ही आमच्या घरातली थट्टा झाली. कोणी उगाच वाट बघत बसले की बाबा म्हणत, "विद्या, जा, झेंडा वर कर."

ताई त्या थट्टेवर कधी हसली नाही. एका दुपारी, गोधड्यांच्या आड, टेस एक संथ चाल गुणगुणत होती आणि मी दाराशी मापक घेऊन बसले होते. ताईने ओळ उच्चारली तेव्हा मी तेथे होते. मराठीत तिचा अर्थ असा: पेटीत काही नाही, तरी झेंडा वर आहे, तू एकदा थांबून बघ. टेसने वाजवणे थांबवले. "हे कुठून आलं?" तिने विचारले. ताईने तिला आईची गोष्ट सांगितली. टेस रडली, मग हसली, मग स्वयंपाकघरात धावत जाऊन तिने आईला मिठी मारली. आईच्या हाताला कणीक होती. ती दोन्ही हात हवेत धरून उभी राहिली. "अगं, काय झालं हिला?" पुढल्या दोन तासांत गाणे पूर्ण झाले. शब्द संपूर्ण ताईचे. चाल टेसची, मधल्या वळणाखेरीज. ते वळण ताईने गुणगुणून दाखवले होते.

फेब्रुवारीत टेस नॅशव्हिलला जाऊन आली आणि तेथल्या एका प्रकाशन कचेरीने ते गाणे ऐकून तिला पुन्हा बोलावले. गाणी विकत घेऊन गायकांपर्यंत पोहोचवणाऱ्या अशा कचेऱ्या तेथे गल्लोगल्ली आहेत. त्यांनी विचारले, हे कोणी लिहिले? टेस म्हणाली, मी आणि सानिकाने. तिने फोन करून ताईला हे सांगितले तेव्हा ताई पायऱ्यांवर बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकले. मी तिला इतकी आनंदी त्याआधी पाहिली नव्हती. नंतरही नाही.

म्हणून, गाण्यावर ताईचे नाव लागले तर व्हिसाला धोका आहे का हे विचारायला, त्या शनिवारी बापट काकांना जेवायला बोलावले होते.

बापट काकांना आमच्या ओळखीत सर्वांआधी ग्रीन कार्ड मिळाले होते. त्यांचे शिक्षण यंत्र अभियांत्रिकीचे, नोकरी संगणक प्रकल्पांच्या व्यवस्थापनाची. परंतु कार्ड आल्या दिवसापासून ते आमच्या मंडळातले वकील झाले. कोणाचे लग्न, कोणाची नोकरी, कोणाची भारतवारी, काहीही असले तरी 'बापटांना विचारलं का?' हा पहिला प्रश्न. खऱ्या वकिलाला विचारणे म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणे, अशी सर्वांची समजूत होती. अशी चूक आम्हीच करावी. गणित, संगणक, शास्त्र यांत पदव्या घेतलेली माणसे स्वतःच्या आयुष्याच्या प्रश्नावर पुरावा मागत नव्हती. ज्याची गाडी रांगेत आपल्या पुढे गेली, त्याला रस्ता कळतो असे धरून चालत होती.

"वहिनी, गोळाभात म्हणजे गोळाभात! पुण्याची बाई नागपूर करते, कमाल आहे," काका म्हणाले आणि त्यांनी तिसऱ्यांदा फोडणी घेतली. मग बाबांकडे वळले. "हे बघ, व्हिसा स्टेटस म्हणजे आयसीयूमधला पेशंट. हलवायचा नाही. नाव कुठेही यायला नको. हे व्हिसावाले गूगल करतात."

"पण ती फक्त लिहिते," आई म्हणाली. "नोकरी थोडीच करतेय?"

"वहिनी, माझ्या टीममधल्या एकाच्या बायकोनं केक केले. लगेच इमिग्रेशनची क्वेरी आली."

"विकले का तिनं?" मी विचारले.

"विकले नाहीत गं. फोटो टाकला फेसबुकवर."

"मग क्वेरी केकमुळेच आली हे कशावरून?"

काकांनी माझ्याकडे, लहान मूल मध्येच बोलले की मोठे बघतात तसे पाहिले. "योगायोग असतो का असा?"

"असतो. तुम्ही वकिलाला विचारलंत का?"

"वकील काय सांगणार? 'इट डिपेंड्स' म्हणतो. मी एक्स्पीरियन्स सांगतोय. उद्या व्हिसा स्टॅम्पिंगला गेलात आणि ऑफिसरनं विचारलं, डॉटर काय करते? काय सांगणार? गाणी रचते? लाल झेंड्यावर?" ते ७६ डेसिबलने हसले. "झेंडा पण लाल! कम्युनिस्ट समजतील यार!"

बाबाही हसले. ताई हसली नाही. ती ताटातल्या भाताला बोटांनी आकार देत होती.

"वकिलाला विचारू या," मी पुन्हा म्हणाले. "एक फोन करायचा आहे. अंदाजावर कशाला ठरवायचं?"

"छोटे, तू वर जा," बाबा म्हणाले. आवाज ५४. "सानू, माझं ऐक. तुझं टॅलेंट कुठे जाऊन राहिलं? आता नाव नको. टेसला म्हण, तिचं एकटीचं टाक. आपलं घर, आपला व्हिसा, काही काही बोलायचं नाही म्हणावं. कार्ड आलं की लावू."

"नंतर लावता येतं, बाबा?" ताईने विचारले.

उत्तर बापट काकांनी दिले. "येतं गं. का नाही येणार? अमेंड करता येतं सगळं."

त्यांना याविषयी काहीही माहीत नव्हते. हे वाक्य मी आज, त्यांच्या केसांचा, वयाचा आणि आमच्या गृहप्रवेशाला त्यांनी दिलेल्या चांदीच्या गणपतीचा पूर्ण आदर राखून लिहिते आहे. त्यांना काहीही माहीत नव्हते, आणि 'मला माहीत नाही' हे तीन शब्द उच्चारण्याइतके धैर्य त्या टेबलाभोवती बसलेल्या एकाही पुरुषात नव्हते.

दुसऱ्या दिवशी टेस आली तेव्हा गराजचे दार बंद होते आणि कोणी गात नव्हते. ताईने तिला सांगितले. टेसला आधी कळेचना. मग ती चिडली. तिच्या इंग्रजीतली दक्षिणेची लकब चिडल्यावर गडद होई. तिने जे सांगितले ते मला शब्दशः आठवते, कारण त्याइतका स्वच्छ नियम मी कोणत्याही कलेत ऐकलेला नाही. "तिकडे एकच रीत आहे, सानिका. गाणं लिहिताना खोलीत जो जो होता, त्याचं नाव लागतं. एक शब्द सुचवला असेल तरी. नुसता बसला असेल तरी. कोणी किती लिहिलं हे कुणी विचारत नाही. खोलीत होता ना? मग लिहिलं." तिने हात पसरून गोधड्यांकडे बोट दाखवले. "ही खोली तुमची आहे. गोष्ट तुझ्या आईची आहे. मी काय सांगू लोकांना?"

"तुझी म्हणून सांग," ताई म्हणाली. "थोडे दिवस."

टेस रडत गेली. दोन दिवसांनी तिने कळवले की ती तयार आहे. तिने किती काळ नकार द्यायला हवा होता, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला. दोन दिवस कमी होते एवढे मी सांगू शकते.

मी सध्या अमेरिकेच्या वायव्य टोकाला, बॉथेलमध्ये, एका संशोधन गटात काम करते. गोंगाटात कान शब्द कसे वेगळे काढतो हा माझा विषय. या देशात राहण्याचा माझा अर्ज मंजूर झाला तो माझे नाव असलेल्या शोधनिबंधांच्या बळावर. तो अर्ज तयार करताना वकीलबाईंच्या कचेरीत मी फाइल पुढे सरकवली आणि, माझा त्याच्याशी काही संबंध नसताना, ताईचे प्रकरण त्यांना विचारले. त्यांनी चष्मा काढला. "पैसे घेण्याचा प्रश्न वेगळा होता," त्या म्हणाल्या, "तो त्या वेळी नीट विचारून सोडवावा लागला असता. पण गाण्यावर नाव असणं म्हणजे नोकरी नव्हे. आपण लिहिलेल्यावर आपलं नाव लावायला कोणाची परवानगी लागत नाही." त्या पुढे म्हणाल्या, "उलट, कलावंतांसाठी वेगळा व्हिसा असतो. त्यात पहिली गोष्ट बघतात ती हीच. नाव कशाकशावर आहे." मी त्यांचे आभार मानले, खाली पार्किंगमध्ये आले आणि गाडीच्या चाकाला लाथ मारली. पायाचे बोट आठवडाभर सुजले होते. ज्या गोष्टीने ताई येथे राहू शकली असती, तीच आम्ही ताईला येथे ठेवण्यासाठी खोडून टाकली होती.

कारण या व्यवसायाचे गणित असे आहे. एका गाण्यावरचे नाव म्हणजे पुढच्या खोलीचे आमंत्रण. त्या खोलीत दुसरे गाणे होते, दुसऱ्यामुळे तिसरी खोली उघडते. टेससाठी खोल्या उघडत गेल्या. आज तिच्या नावावर पुष्कळ गाणी आहेत आणि त्यांतली काही चांगली आहेत. ताईला कोणी बोलावले नाही, कारण बोलावण्याजोगी ती कोणाला ठाऊकच नव्हती. एकविसाव्या वाढदिवसाआधी तिने विद्यार्थी व्हिसा घेतला, हिशेबशास्त्र शिकली, कामाच्या व्हिसाच्या लॉटरीत तिचा क्रमांक लागला नाही आणि ती कॅनडात गेली. ती टोरांटोजवळ एका विमा कंपनीत जोखमीचे दर ठरवते. आम्ही दर रविवारी बोलतो. गाण्यांविषयी बोलत नाही. बाबांना कार्ड मिळाले. 'लावू' म्हणाले होते ते नाव लावण्याविषयी त्यांनी त्यानंतर चकार शब्द काढलेला नाही. मी काढला, तेव्हा म्हणाले, "तेव्हाच्या परिस्थितीत तेच बरोबर होतं, छोटे." ते गाणे गाडीत लागले की ते स्टिअरिंगवर ठेका धरतात. मी त्या गाडीत बसत नाही.

परंतु ही सगळी नंतरची गोष्ट झाली. त्या ऑक्टोबरात टेसने आम्हांला नॅशव्हिलला बोलावले. एका छोट्या कॅफेत गीतकारांची बैठक असते. चार जण मध्यभागी एकमेकांकडे तोंड करून गोल बसतात आणि आळीपाळीने स्वतःची गाणी म्हणतात. ती गाणी पुढे मोठे गायक गातात, पण येथे लिहिणाराच गातो, गाण्याची गोष्ट सांगतो, आणि सुरू करण्याआधी ते कोणाबरोबर लिहिले त्यांची नावे घेतो. ही तेथली रीत. दुसरी रीत म्हणजे शांतता. कोणी बोलायचे नाही. भरलेल्या खोलीत माणसे खरोखर किती शांत बसू शकतात हे मला मोजून बघायचे होते, म्हणून मापक पर्समध्ये घेतला होता. आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही-भात बांधून घेतला. चार तासांचा रस्ता. डोंगर ओलांडला की घड्याळ एक तास मागे जाते. "बघा, एक तास फुकट मिळाला," बाबा खुशीत म्हणाले. ताई मागच्या सीटवर खिडकीला डोके टेकून होती. तिने आईची मोरपंखी साडी कापून शिवलेला कुडता घातला होता. कशासाठी इतके नटून यावे, हे तिला कोणी विचारले नाही.

बैठक सहाला सुरू झाली. टेसची पाळी आली तेव्हा ती आम्हांला पाहून हसली आणि गिटारच्या तारा जुळवत गोष्ट सांगू लागली. "माझी अलाबामाची आजी होती," ती म्हणाली. "तिला वाटायचं, पोस्टाच्या पेटीचा झेंडा वर केला की पत्र येतं. रोज सकाळी अंघोळ करून, रिकाम्या पेटीचा झेंडा वर करून ती थांबायची." लोक मायेने हसले. बाबांनी घातलेली अट ती पाळत होती: आमचे घर नको, व्हिसा नको. पण ती आजी तिने इतक्या सहज उभी केली, अंघोळीसकट, की मला दिसले, हे ती पहिल्यांदा सांगत नव्हती.

"अगं, हे तर माझं..." आई कुजबुजली. ती रागावली नव्हती. तिला नुसते नवल वाटले होते, हरवलेली वस्तू परक्याच्या घरी दिसावी तसे.

शेजारच्या टेबलावरच्या बाईने वळून ओठांवर बोट ठेवले. "श्श!"

आईने "सॉरी, सॉरी" म्हणून पदराने तोंड झाकले. ताई समोर बघत होती. टेबलाच्या कडेवर तिच्या डाव्या हाताची बोटे ओळीचे वजन घ्यावे तशी हलत होती, गाणे सुरू होण्याआधीच.

मग टेस रीतीप्रमाणे म्हणाली, "हे गाणं मी लिहिलं..." आणि सवयीने तिच्या तोंडून पुढचा शब्दही निघाला, "विथ...", म्हणजे कोणाबरोबर, आणि ती थांबली. तिने मान वर केली. ती ताईकडे पाहत नव्हती. ती बाबांकडे पाहत होती. मला आजही वाटते, तिने दार उघडून धरले होते. एक होकार पुरेसा होता. त्या खोलीत कोणताही अधिकारी बसलेला नव्हता. बापट काका नव्हते. गिटारवाले चार जण होते, तळलेल्या काकड्यांच्या बशा होत्या, आणि एक मुलगी मोरपंखी कुडत्यात बसलेली. बाबांनी मान हलवली. डावीकडे, उजवीकडे, अगदी थोडी, चहात साखर नको म्हणताना हलवतात तेवढी.

मला टेबल उलथावेसे वाटले. माझ्या हातात मापक होता. मी त्यावर नजर रोवली, कारण दुसरीकडे कोठेही पाहणे मला शक्य नव्हते. कोणी खोकले नाही, खुर्ची सरकली नाही, टेसने अजून 'एकटीनं' हा शब्द उच्चारला नव्हता. आकडा स्थिर झाला आणि मी तो नोंदवला: ३८.